‘लावत होतो’ म्हणजे लावलं का? भूतकाळी वाक्यातून निष्कर्ष काढायची रीत

मी २२ वर्षं पुण्यात एका विमा कंपनीत दाव्यांच्या छाननीला होते. चोरीला गेलेल्या स्कूटर, शॉर्टसर्किटने जळालेली दुकानं, पावसात भिजलेला माल. यातली एकही घटना मी डोळ्यांनी पाहिलेली नाही. माझ्या टेबलावर यायचे ते कागद, आणि कागदांवर नुसता भूतकाळ. ‘गाडी दारात लावली होती.’ ‘शटर ओढून घेतलं.’ ‘रोज कुलूप लावायचो.’ एवढ्यावरून ठरवायचं, की काय घडलं हे आपण छातीठोकपणे म्हणू शकतो आणि काय अजून विचारायला हवं.

गेल्या वर्षी माझ्या भाचीला एक काम मिळालं. संगणकाला मराठी शिकवायची म्हणून वाक्यांच्या जोड्या तपासायच्या. वरचं वाक्य खरं धरलं तर खालचं खरं ठरतं, खोटं ठरतं, की सांगता येत नाही? पहिल्याच दिवशी तिचा फोन आला. ‘मावशी, “आई पोळ्या लाटत होती” यावरून “आईने पोळ्या लाटल्या” निघतं का गं?’ मी म्हटलं, संध्याकाळी ये आणि येताना पेन्सिल आण. त्या संध्याकाळी आणि पुढच्या काही रविवारी तिला जे सांगितलं, ते इथे लिहिते आहे.

पेन्सिल आणि ‘पण’

आधी हत्यार. एखादा निष्कर्ष वाक्यातून खरोखर निघतो की आपणच तो पदरचा घालतोय, हे बघायला मी एकच गोष्ट करते. मूळ वाक्य म्हणते, त्याला ‘पण’ जोडते आणि निष्कर्षाच्या उलट बोलते. ऐकणारा ‘काहीतरीच काय!’ म्हणाला तर निष्कर्ष पक्का. ‘अच्छा, असं झालं होय’ म्हणाला तर तो आपला अंदाज होता.

‘मुलाने बरणी फोडली, पण बरणी फुटली नाही.’ काहीतरीच काय! म्हणजे ‘फोडली’मधून ‘फुटली’ निघतंच. ‘तो नागपूरला गेला होता, पण अजून परत आलेला नाही.’ अच्छा, असं होय. म्हणजे ‘गेला होता’ ऐकल्यावर तो परतला असं आपण जे धरून चालतो, ते वाक्याने सांगितलेलं नसतं. लोक सहसा तसं बोलतात, म्हणून आपल्याला वाटतं.

पक्क्या निष्कर्षाखाली मी सरळ रेघ मारते, अंदाजाखाली तुटक. बाकी सगळं कोरं. अंदाज टाकून द्यायचा नसतो, बरं का. त्याच्यावरूनच पुढचे प्रश्न सुचतात. फक्त तुटक रेघेची सरळ रेघ होऊ द्यायची नाही. आणि ती होते कधी, तर जबाब वाचताना सहसा नाही; त्याचा सारांश आपल्या शब्दांत लिहिताना.

मला लागलेली ठेच

नोकरीला तीनेक वर्षं झाली होती. स्कूटरच्या चोरीचा दावा होता. जबाब छोटा, अजून पाठ आहे. ‘मी मंडईजवळ स्कूटर उभी केली. हँडल लॉक लावत होतो. तेवढ्यात मुलगी हात सोडून रस्त्यावर धावली. मी तिच्यामागे गेलो. परत आलो तर स्कूटर नव्हती.’

मी टिपणात लिहिलं, ‘विमाधारकाने वाहन लॉक करून ठेवले असता चोरी झाली.’ कागद वर गेला. वरचे साहेब निवृत्तीला टेकलेले, बोलायला कंजूष. दुसऱ्या दिवशी टिपण परत आलं. समासात लाल शाईने एवढंच: ‘लावत होता की लावलं?’

आधी मला रागच आला. एवढा काय कीस पाडायचा! मग फोन केला. माणूस सरळ होता. म्हणाला, ‘मॅडम, किल्ली फिरवलीच नव्हती, ती स्कूटरलाच राहिली.’ जबाबात त्याने खोटं काहीच लिहिलं नव्हतं. खोटं मी लिहिलं होतं.

‘-त होता’ आपल्याला कामाच्या मधोमध नेऊन उभं करतं आणि तिथेच सोडून देतं. शेवट झाला की नाही, याबद्दल ते गप्प असतं. मग त्यातून पूर्ण झाल्याचा निष्कर्ष कधीच काढता येत नाही का? येतो. सगळी कामं सारखी नसतात. ‘तळ्यात पोहत होतो, मधेच शिट्टी झाली, बाहेर आलो.’ पोहलास का? हो, पोहलो. ‘पत्र लिहीत होतो, मधेच फोन आला, उठलो.’ पत्र लिहिलंस का? नाही. पोहण्याचा तुकडा हेही पोहणंच असतं. पत्राचा तुकडा म्हणजे पत्र नव्हे. चालणं, रडणं, हसणं, वाट बघणं ही पहिल्या जातीची कामं. घर बांधणं, रस्ता ओलांडणं, कुलूप लावणं ही दुसऱ्या जातीची, कारण त्यांना शेवटाची एक ठरलेली जागा असते. झेनो वेंडलर या तत्त्वज्ञाने १९५७ साली क्रियापदांची अशी वर्गवारी मांडली तेव्हापासून भाषेचे अभ्यासक त्यावर लिहीत आले आहेत. मला ती कळली लाल शाईमुळे.

तर चाचणी अशी: काम मधेच थांबवा आणि विचारा, ‘झालं का?’ ‘हो’ आलं तर ‘-त होता’वरून ‘केलं’ म्हणा. ‘नाही’ आलं तर म्हणू नका.

आता भाचीच्या पोळ्या. इथे गंमत आहे. ‘आई पोळी लाटत होती’ यातून पोळी लाटून झाली असं निघत नाही. ‘आई २० पोळ्या लाटत होती’ यातूनही नाही, विसाव्या पोळीचा पत्ता नाही. पण नुसतं ‘पोळ्या लाटत होती’ म्हटलं की ते पोहण्यासारखं होतं. आकडा नाही, शेवट नाही. मधेच थांबवलं तरी ‘लाटल्या की थोड्या’ असं उत्तर येतं. तरी मी तिला तुटक रेघच मारायला सांगितली. पहिलीच पोळी पाटावर असली तर?

आणखी एक खड्डा खास मराठीतला. ‘वॉचमन झोपला होता’ आणि ‘वॉचमन झोपत होता’. त्या वेळी तो घोरत पडलेला होता हे पहिलं वाक्य सांगतं. दुसऱ्यातून कळतं ते फार तर एवढंच, की तो तिथे झोपायचा किंवा नुकता आडवा होत होता. बसणं, झोपणं, उभं राहणं, रुसणं या क्रियापदांत अवस्था सांगायला आपण ‘-ला होता’ वापरतो. ‘बाबा ओट्यावर बसले होते’ म्हणजे त्या घटकेला ओट्यावर होते. इंग्रजीत विचार करून मराठी वाचणारी मुलं इथे हमखास घसरतात.

‘होतं’ कशाच्या आधी?

‘शटर ओढलं’, ‘शटर ओढलंय’, ‘शटर ओढलं होतं’. तिन्हींतून शटर ओढण्याची क्रिया झाली हे पक्कं. फरक पुढे आहे. ‘ओढलंय’ म्हणणारा आत्ताच्या स्थितीची हमी देतोय; त्याला ‘पण आता उघडं आहे’ जोडून बघा, कानाला खटकतं. ‘ओढलं होतं’ म्हणणारा मात्र कुठल्यातरी दुसऱ्या क्षणाकडे बोट दाखवतोय. हान्स रायशेनबाख या तत्त्वज्ञाने १९४७ साली हे तीन बिंदूंनी मांडलं: बोलण्याचा क्षण, घटनेचा क्षण आणि जिथून आपण घटनेकडे बघतो तो क्षण. ‘होतं’ दिसलं की हा तिसरा बिंदू शोधायचा. ‘ओढलं होतं’, बरं, कशाच्या आधी? आग लागण्याच्या? जेवायला जाण्याच्या? जबाबात तो बिंदू सापडला नाही तर ती जागा कोरी ठेवायची आणि विचारायचं.

पण इथे अतिहुशारीही नको. ‘ओढलं होतं’ म्हणाला, म्हणजे नंतर कुणीतरी उघडलं असणार, असा अर्थ काढणारे भेटतात. मराठी माणूस ‘आम्ही २००९ साली काशीला गेलो होतो’ असं नुसत्या जुन्या आठवणीसाठीही म्हणतो. त्याच्यापुढे काही उलटलेलं नसतं.

दोन वाक्यांचा क्रम ठरवतानाही हेच ‘होतं’ कामी येतं. ही जोडी भाचीने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे:

‘तो पायरीवरून घसरला. तेल सांडलं.’

‘तो पायरीवरून घसरला. तेल सांडलं होतं.’

पहिल्यात त्याच्या हातात तेलाची बरणी आहे. दुसऱ्यात तेल आधीच पायरीवर आहे. एका ‘होतं’ने कारण आणि परिणाम जागा बदलतात. दुकानात गिऱ्हाईक पडल्याचा दावा असेल तर सगळं प्रकरण त्या एका शब्दावर फिरतं. साधे भूतकाळ एकामागून एक आले की आपण ते घडले त्याच क्रमाने लिहिलेत असं धरतो, पण तो अंदाज आहे, तुटक रेघ. क्रम पक्का हवा असेल तर ‘-ऊन’ शोधा. ‘कुलूप लावून गेला’ यात कुलूप आधी, जाणं नंतर.

होतं, पण एकाच वेळी होतं का?

हा भाग छोटा आहे, पण यात मी अनुभवी माणसंही फसलेली पाहिली आहेत. ‘माझ्याकडे लायसन्स होतं. माझ्याकडे स्कूटर होती.’ दोन्ही खरं. यावरून लायसन्स आणि स्कूटर एकाच वेळी होते असं निघतं का? नाही. स्कूटर २०१२ ला विकली असेल, लायसन्स २०१४ ला काढलं असेल. उलट दिशेने मात्र चालतं: ‘अपघाताच्या दिवशी माझ्याकडे दोन्ही होतं’ यातून दोन्ही गोष्टी सुट्या सुट्याही निघतात. न्यूझीलंडचे तर्कशास्त्रज्ञ आर्थर प्रायर यांनी १९५०च्या दशकात काळाचं तर्कशास्त्र उभं केलं, त्यातला हा अगदी प्राथमिक नियम. ‘कधीतरी अमुक होतं’ आणि ‘कधीतरी तमुक होतं’ यांची बेरीज ‘कधीतरी दोन्ही होतं’ अशी होत नाही. वाहन विम्यात चालकाकडे अपघाताच्या वेळी वैध लायसन्स लागतं, आधी कधीतरी असून उपयोग नाही. म्हणून दोन ‘होतं’ शेजारी दिसले की दोघांवर तारीख घालून घ्या.

आणि नुसत्या ‘होतं’वरून ‘आता नाही’ असंही काढू नका. ‘तिचे डोळे घारे होते’ म्हटलं की ऐकणारा दचकतो, बाई गेली की काय. ती समोरच्या खुर्चीत बसलेलीही असू शकते.

रोजचं, ठरलेलं, न झालेलं

‘रोज कुलूप लावायचो.’ सवय कळली. त्या दिवसाचं काय? काही नाही. कोरं. विमाधारक हे वाक्य फार लिहितात, आणि ते लबाडीच असतात असं नाही. त्या दिवशीचं खरंच आठवत नसतं, म्हणून सवय सांगतात. सवयीवरून त्या दिवशीही लावलं असेल असा तुटक अंदाज करा हवा तर.

‘लावणार होतो.’ बेत होता. तो तडीला गेला नाही असा आपल्याला वास येतो, आणि बहुतेक वेळा तो वास बरोबर असतो. तरी ‘पण’ची जागा ‘आणि’ला देऊन बघा: ‘लावणार होतो, आणि लावलंही.’ बिघडत नाही. म्हणजे तुटक रेघच.

‘लावलं असतं तर चोरी झाली नसती.’ इथे लावलं नव्हतं ही कबुली आहे. ‘लावलं असेल’, ‘लावलं असावं’, ‘लावलं असणार’ इथे बोलणारा स्वतःच निष्कर्ष काढतोय, त्याने पाहिलेलं नाही. अशा वाक्यावर निष्कर्ष रचणं म्हणजे अंदाजावर अंदाज. माझे वडील संस्कृत शिकवायचे. त्यांना मी कधी कामातली वाक्यं सांगायची. ते म्हणायचे, पाणिनीने न पाहिलेल्या भूतकाळासाठी वेगळा लकारच, म्हणजे क्रियापदाचं वेगळं रूपच, दिलंय, ‘परोक्षे लिट्’. आपल्याकडे तो राहिला नाही. त्याच्याऐवजी ‘म्हणे’ आहे. ‘चोर मागच्या दाराने आला म्हणे.’ हा ‘म्हणे’ सारांशात गाळला की ऐकीव गोष्ट डोळ्यांदेखतची होऊन बसते.

दिसायला भूतकाळ, असायला नाही

‘आलोच!’ म्हणणारा आलेला नसतो. ‘मेलो’ म्हणणारा जिवंत असतो. ‘सर्व्हेअर आले की गाडी दाखवतो’, ‘पाऊस पडला तर माल हलवू’ यात आलेही नाहीत नि पडलाही नाही. ‘की’ आणि ‘तर’ यांच्या आधीचा ‘-ला’ हा बहुतेक वेळा पुढचाच असतो. वडिलांना हेही सांगितलं, तर त्यांनी लगेच पाणिनीचं सूत्र म्हटलं: ‘आशंसायां भूतवच्च’. अपेक्षा बोलून दाखवताना पुढच्या गोष्टीलाही भूतकाळाचे प्रत्यय चालतात. तिसऱ्या अध्यायातलं आहे. अडीच हजार वर्षांच्या आसपासचं हे निरीक्षण, आणि माझी भाची ‘पाऊस पडला तर माल हलवू’ यावरून ‘पाऊस पडला’ला ‘खरं’ असा शिक्का मारून मोकळी झाली होती.

कुणी केलं?

फुटणं आणि फोडणं, तुटणं आणि तोडणं, जळणं आणि जाळणं. मराठीत ही जोडपी आहेत हे छाननी करणाऱ्याचं भाग्य. ‘काच फोडली’वरून ‘काच फुटली’ निघतं. ‘काच फुटली’वरून कुणी फोडली असं निघत नाही. गारांनी फुटली असेल. ‘माझ्या हातून काच फुटली’ या दोघांच्या मधलं: माणूस कळला, हेतू नव्हता असं त्याला म्हणायचंय.

यावरून नियम करू नका मात्र, की करणारा आला की परिणाम आलाच. ‘त्याला तीनदा उठवलं, पण उठला नाही.’ घरोघरी रोज सकाळी ऐकू येतं हे, कुणी ‘काहीतरीच काय’ म्हणत नाही. ‘समजावलं, पण समजला नाही.’ म्हणजे उठवणं, समजावणं यात नुसता प्रयत्नही बसतो. फोडण्यात बसत नाही. प्रत्येक क्रियापदाला ‘पण’ लावूनच बघावं लागतं. आणि कधी फरक क्रियापदात नसतोच, विभक्तीत असतो. ‘त्यांनी कुत्रा मारला’ म्हणजे कुत्रा मेला. ‘त्यांनी कुत्र्याला मारलं’ म्हणजे कुत्रा केकाटत पळाला असेल. टिपणात एक ‘ला’ इकडचा तिकडे झाला तर जीव जातो.

परिणामावरून कारणाकडे जाणं हे आणखी निसरडं. न्यायशास्त्रातलं, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रातलं, एक उदाहरण आहे: नदीला पूर आला, म्हणजे वरच्या बाजूला पाऊस पडला. याला ते ‘शेषवत्’ अनुमान म्हणतात. आणि न्यायसूत्रांतच त्यावर आक्षेपही नोंदवलाय, की पाणी कुठे अडलं असेल तरी नदी फुगेल. पुणेकराला हे सांगायला नको. १२ जुलै १९६१ ला मुठेला पूर आला तो पानशेतचं धरण फुटल्यामुळे. वडील तेव्हा नारायण पेठेत राहायचे. ‘नदीला पाणी वाढलं’ हे वाक्य ते त्या दिवसानंतर कधी सहज बोलले नाहीत. आक्षेपाला न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याने दिलेलं उत्तर मला फार कामाचं वाटतं. तो म्हणतो, नुसतं पाणी वाढलेलं बघू नका. ओढ वाढली आहे का बघा, फेस, फळं, पानं, लाकडं वाहून येतात का बघा. दाव्यातही तसंच. ‘दुकान जळालं’वरून शॉर्टसर्किट निघत नाही. वायर कुठे वितळली, मीटरपेटी कशी दिसत होती, आधी कोणता कोपरा पेटला, ही सगळी फळं नि पानं.

विसरणं, सोडणं, शकणं

काही क्रियापदं दुसऱ्या क्रियेचा भूतकाळ पोटात घेऊन फिरतात. ‘गॅस बंद करायला विसरले’ म्हणजे गॅस चालू होता. ‘गॅस बंद केल्याचं विसरले’ म्हणजे गॅस बंद होता. ‘-यला’ आणि ‘-ल्याचं’ एवढाच फरक, आणि स्वयंपाकघर जळायचं की नाही ते त्यावर.

‘मी दार उघडू शकलो’ म्हणजे उघडलं. ‘मी दार उघडू शकत होतो’ म्हणजे उघडलं की नाही, देव जाणे.

‘त्याने सिगारेट सोडली’ आणि ‘त्याने सिगारेट सोडली नाही’. दोन्हींतून तो ओढायचा हे निघतं. नकार घातला तरी न हलणारा निष्कर्ष दिसला की त्याच्याखाली मी दोन रेघा मारते. ‘पुन्हा’ शब्दही असाच. ‘पुन्हा पाणी शिरलं नाही’ असं लिहिणाऱ्याच्या दुकानात आधी एकदा शिरलेलं असतं, आणि पॉलिसी घेताना ते सांगितलं होतं का, हा पुढचा प्रश्न.

नकाराचंही एक सांगते. ‘मी गॅस बंद केला नाही’ म्हणणारी बाई जन्मात कधी गॅस बंद केला नाही असं सांगत नसते. आज निघताना केला नाही, एवढंच. बार्बरा पार्टी या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९७३ साली अगदी असंच शेगडीचं वाक्य घेऊन दाखवलं, की भूतकाळ हा ‘तो’, ‘ती’ या सर्वनामांसारखा असतो. कुठल्या क्षणाबद्दल बोलतोय हे आजूबाजूला बघून ठरवावं लागतं. म्हणून प्रत्येक ‘नाही’समोर मी बारीक अक्षरात ‘कधीचं?’ लिहायची.

‘तो म्हणाला की...’

मराठीत दुसऱ्याचं बोलणं सांगताना आपण त्याचा काळ तसाच ठेवतो. ‘मेकॅनिक म्हणाला की गाडी गॅरेजमध्येच आहे.’ हा ‘आहे’ मेकॅनिक बोलला तेव्हाचा. आजचा नाही. आणि तो बोलला एवढंच यातून पक्कं निघतं. गाडी खरंच तिथे होती हे नाही. ‘मी उद्या येतो असं म्हणाला’ यातला ‘मी’ जबाब देणाऱ्याचा नाही, ‘उद्या’ही आपल्या कॅलेंडरवरचा नाही. असं वाक्य आलं की पहिल्यांदा तारखा आणि माणसं भरून घ्या, मग विचार करा. ‘असं कळलं’, ‘असं लक्षात आलं’ हे वेगळं. ‘किल्ली हरवल्याचं लक्षात आलं, पण हरवली नव्हती’ म्हणून बघा.

एक जबाब, सावकाश

शेवटच्या रविवारी भाचीला एक जुना जबाब दिला, नावगाव काढून. घरफोडीचा.

‘आम्ही सोमवारी गावी गेलो. शेजारच्या काकू रोज झाडांना पाणी घालायला यायच्या. शुक्रवारी सकाळी परत आलो. दाराची कडी तुटली होती. कपाट उघडं होतं. बांगड्या वरच्या खणात ठेवल्या होत्या.’

तिने भराभर रेघा मारल्या. सोमवारी घर सोडलं: सरळ. शुक्रवारी आले त्याच्या आधी कडी तुटलेली: सरळ. ‘चोराने कडी तोडली’ असं लिहून त्याखालीही सरळ मारली. मी काही न बोलता ‘तुटली’ या शब्दावर बोट ठेवलं. तिने खोडरबर घेतलं. मग विचारलं, कडी सोमवारनंतर तुटली हे कुठे आहे? तिने दोनदा वाचलं. कुठेच नव्हतं. कडी मोडकी ठेवून कुणी गावाला जात नाही, हे आपलं शहाणपण, वाक्याचं नाही. तुटक.

‘काकू घरात यायच्या, म्हणजे त्यांच्याकडे किल्ली होती,’ ती म्हणाली. झाडं कुठे होती? जबाबात नव्हतं. कुंड्या बाहेरच्या जिन्यावरही असतील. कोरं.

मग मी तिला बांगड्यांबद्दल विचारलं. ‘चोरीला गेल्या ना,’ ती म्हणाली. कुठे लिहिलंय? तिने कागद उलटा करून पाहिला. मागे काही नव्हतं. सबंध जबाबात बांगड्या गेल्या असं एकही वाक्य नाही. ठेवल्या होत्या, एवढंच. माणूस घाबरलेला होता, त्याच्या डोक्यात बांगड्या गेल्याच होत्या, ते लिहायला हवं हे त्याला सुचलंच नाही. आणि आपण वाचताना त्याच्यासाठी ते वाक्य लिहून टाकतो.

‘मग तू काय केलंस?’ भाचीने विचारलं.

मी फोन केला होता. आधी बांगड्यांचं विचारून घेतलं. गेल्या होत्या, पाच तोळ्यांच्या. मग काकूंकडे वळले. त्या शेवटच्या आल्या तेव्हा कडी धड होती की नाही, यावरून चोरीची वेळ बरीच आवळता आली असती.

‘काकू रोज यायच्या का?’

‘हो हो, रोज यायच्या.’

‘गुरुवारी संध्याकाळी आल्या होत्या?’

पलीकडे जरा वेळ शांतता. मग तो गृहस्थ म्हणाला, ‘येणार होत्या.’